गुलाब : नवीन लागवडीला पाणी किती व केव्हा?

भारी काळ्या जमिनीत लावलेले गुलाबाचे कलम पहिल्या महिन्यात जाते, ते बरेचदा जास्त पाण्यामुळे. लागवड झाल्यावर लगेच आळ्यात ५ ते ७ लिटर पाणी सावकाश सोडावे, म्हणजे मुळांभोवतीची पोकळी भरून माती बसते. पुढचे पाणी दिवस मोजून देऊ नये. आळ्यात दोन इंच बोट घालून पाहावे. ओल लागली तर थांबावे, वाफसा सरून माती कोरडी होऊ लागली की पाणी द्यावे. मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात ही वेळ दोन दिवसांतच येते, काळ्या जमिनीत हिवाळ्यात आठवडाही निघतो.

रोपवाटिकेच्या पिशवीतील कलम बहुधा लाल मातीत वाढलेले असते. हा गोळा काळ्या मातीत बसवला की भोवतालची माती ओली आणि गोळा मात्र आतून कोरडा, असे घडते. नवी मुळे बाहेर पडेपर्यंत, साधारण ३ ते ४ आठवडे, पाणी गोळ्यावरच पडले पाहिजे. ठिबक असल्यास ड्रीपर आधी खोडाजवळ ठेवावा, नंतर वीतभर दूर सरकवावा.

दुपारी कोवळे शेंडे मान टाकतात. संध्याकाळी सावरले तर पाण्याची घाई नको. सकाळीही पाने मलूल असतील तर आधी माती पाहावी. कोरडी असेल तर पाणी द्यावे. ओली असेल तर मुळे गुदमरली आहेत, पाणी तोडून निचऱ्यासाठी चर काढावी.

पाणी सकाळी, बुडाशी द्यावे. संध्याकाळी झारीने पाने धुण्याची हौस अनेकांना असते. पण पाने सात-आठ तास ओली राहिली की काळ्या ठिपक्याची बुरशी रुजते.