हिरवळीचे स्थलांतर

मुंबईच्या कॉटन ग्रीन स्थानकावर उतरणाऱ्या पांथस्थास येथे ना हिरवळ दिसते, ना कापूस. कारण हे नाव या जागेचे मूळचे नव्हेच. कोटातील टाउन हॉलपुढच्या ज्या मैदानात गासड्यांचे ढीग लागत, त्याचे ते नाव. 1844 साली हा कापसाचा बाजार कुलाब्यास हलला तेव्हा तेही सोबत गेले, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पोर्ट ट्रस्टने समुद्र हटवून संपादिलेल्या शिवडीकडील जमिनीवर वखारी उभ्या राहिल्या, तेव्हा ते पुन्हा बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघाले.

जुनी मुंबई पाहायची तर भायखळ्याच्या, 1872 मध्ये खुल्या झालेल्या आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करणाऱ्या संग्रहालयातील मृत्तिकेच्या प्रतिमा प्रेक्षणीय आहेत खऱ्या. परंतु कापसाच्या इतिहासाचे दर्शन, माझे मत विचाराल तर, कॉटन ग्रीनमधील कॉटन एक्स्चेंजच्या भारदस्त इमारतीभोवती पायी फिरतानाच घडते. 1875 साली बांधलेल्या ज्या ससून गोदीशी कापसाच्या व्यापाराचे नाते, तेथे 2017 मध्ये चित्रकारांनी भिंती रंगविल्या आणि मासळीच्या दर्पाची तमा न बाळगता नगरजन लोटले. कॉटन ग्रीनच्या वखारींपुढे मात्र अद्याप मालमोटारीच उभ्या असतात.