विकतचे रक्त आणि दानाचे रक्त

यंदाच्या वर्धापनदिनी रक्तदानाचे शिबिर घ्यावे असे आपल्या मंडळाने ठरवले, तेव्हा बैठकीत दोन प्रश्न निघाले. डेअरीवर दूध घातले तरी त्याचे पैसे मिळतात, मग रक्ताचे कोणी काहीच का देत नाही? आणि रक्त घेण्याआधी इतक्या खाजगी चौकशा कशासाठी करतात? माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण या प्रश्नांमागचा इतिहास मी आवडीने वाचला होता, म्हणून अध्यक्षबाईंनी तो लिहून काढण्याचे काम माझ्यावर सोपवले. भगिनींनी तो गोड मानून घ्यावा.

एकाचे रक्त दुसऱ्याला देण्याचा खटाटोप जुना आहे, पण त्यात माणसे दगावत. त्याचे एक मोठे कारण १९०१ साली उमगले. व्हिएन्ना शहरातील डॉ. कार्ल लँडस्टायनर यांनी रक्ताचे निरनिराळे गट असतात हे दाखवून दिले. पुढे १९१४ च्या सुमारास असे आढळले की, सोडियम सायट्रेट नावाचा क्षार मिसळला तर रक्त गोठत नाही. मग ते बाटलीत भरून ठेवता येऊ लागले. १९३७ साली अमेरिकेतील शिकागो येथे डॉ. बर्नार्ड फँटस यांनी इस्पितळात असा साठा करण्याची सोय केली आणि तिला ‘ब्लड बँक’ असे नाव दिले. तीच आपली रक्तपेढी.

परंतु देणाऱ्याच्या अंगात लपलेला रोगही बाटलीतून घेणाऱ्याकडे जातो. उपदंश म्हणजे गरमी आणि हिवताप असे पसरतात हे डॉक्टरांना ठाऊक होते. दुसऱ्या महायुद्धात आणखी एक गोष्ट दिसली. रक्त किंवा रक्तरस घेतलेल्या कित्येकांना दोन-तीन महिन्यांनी कावीळ होई. तिचा जंतू दिसत नव्हता, तपासणी नव्हती. तेव्हा रक्त कोणाचे घ्यायचे याला फार महत्त्व आले.

हे जपानने मोठी किंमत देऊन शिकले. तेथे त्या काळी बहुतेक रक्त विकत घेतले जाई. गरीब मजूर महिन्यातून अनेकदा रक्त विकत. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी इतक्या कमी होत की, ते पिवळट दिसे. लोक त्याला ‘पिवळे रक्त’च म्हणत. २४ मार्च १९६४ रोजी टोकियोत अमेरिकेचे राजदूत एडविन रायशॉअर यांच्या मांडीत एका तरुणाने सुरा खुपसला. रक्त देऊन त्यांचा जीव वाचवला, पण त्या रक्तातूनच त्यांना कावीळ झाली आणि यकृताचे दुखणे जन्मभर मागे लागले. जपानला फार लाज वाटली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथील मंत्रिमंडळाने रक्त दानातूनच मिळवायचे असे ठरवले आणि १९७४ पर्यंत रुग्णांना द्यायचे सगळे रक्त दानाचे झाले. मजुरांना कित्येक वर्षे होत असलेला त्रास मात्र राजदूत आजारी पडेपर्यंत कोणाच्या डोळ्यांवर आला नव्हता, ही गोष्ट माझ्या मनाला लागली.

याच सुमारास अमेरिकेतील डॉ. बारूक ब्लूमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात एक अनोखा पदार्थ सापडला. तो ‘बी’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूचा अंश निघाला. त्यावरून रक्त तपासण्याची रीत निघाली आणि १९७६ साली डॉक्टरांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे काय चालले होते ते आमच्याच घरचे सांगते. १९८३ साली माझ्या धाकट्या भाऊजींच्या जन्माच्या वेळी सासूबाईंना फार रक्तस्राव झाला. मामंजींनी पुढे अनेकदा सांगितले ते लिहिते. दोन बाटल्या रक्त हवे होते. रक्त दिले की माणूस खंगतो या समजुतीने नातेवाईक पुढे होईनात. इस्पितळाच्या फाटकापाशी रक्त विकणारी माणसे बसलेली असत. त्यांतल्या दोघांना मामंजींनी पैसे दिले. एकजण इतका कृश होता की, मामंजींनी त्याला आधी चहापाव खाऊ घातला. सासूबाई वाचल्या. तीन महिन्यांनी त्यांना कावीळ झाली. काविळीची माळ घातली, पथ्य केले, पण पाच महिने अंथरूण सुटले नाही. तान्हे बाळ आजोळी वरच्या दुधावर वाढले. ती कावीळ त्या बाटलीतूनच आली असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. त्या माणसाला मी दोषही देत नाही. ज्याची चूल रक्ताच्या पैशांवर पेटते, त्याला ‘तुला कधी कावीळ झाली होती का?’ असे विचारले तर तो खरे कसे सांगेल?

१९८६ साली मद्रासच्या डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतात एड्सचा विषाणू पोचल्याचे शोधून काढले. १९८९ साली प्रत्येक बाटलीची त्यासाठी तपासणी सक्तीची झाली. तरी व्यवहार सुधारला नव्हता. १९९० च्या एका पाहणीत देशातल्या १,०१८ रक्तपेढ्यांपैकी ६१६ विनापरवाना आढळल्या. ‘कॉमन कॉज’ संस्थेचे एच. डी. शौरी यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल लागला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे देऊन रक्त घेण्यास बंदी आली.

आता प्रत्येक बाटली एड्सचा विषाणू, ‘बी’ आणि ‘सी’ कावीळ, गरमी व हिवताप या पाचांसाठी तपासतात. मग चौकशा कशाला? कारण विषाणू अंगात शिरल्यावर काही दिवस, कधी काही आठवडे, तपासणीत सापडतच नाही. तेवढ्या मुदतीत रुग्णाला वाचवते ते फक्त देणाऱ्याचे खरे उत्तर. घरच्यांच्या भिडेखातर रक्त द्यायला उभा राहिलेला माणूसही कधी खरे लपवतो. म्हणून आपणहून, कोणाच्या दडपणाशिवाय दिलेले रक्त सर्वांत चांगले.

तेव्हा भगिनींनो, शिबिरात कोणी कोणाला ओढून आणू नये. फुकट तपासणी होईल म्हणूनही येऊ नये. एड्सची तपासणी सरकारी इस्पितळात मोफत व गुप्तपणे होते. डॉक्टरांना आपले दुखणे एकांतात मोकळेपणाने सांगावे. हिमोग्लोबिन साडेबारा नसेल तर रक्त घेत नाहीत, आणि आपल्यापैकी पुष्कळजणी त्यावरूनच परत येतील. त्यात कमीपणा नाही. अशा बहिणींनी चहा-बिस्किटांचे टेबल सांभाळावे, आणि परतणाऱ्या कोणालाही ‘का गं, काय झाले?’ असे विचारू नये.