तालुक्याच्या गावात घर : भाडे, फेरविक्री आणि कागदपत्रे

मारेगाव, प्रतिनिधी

निवृत्तीच्या वेळी हाती आलेली भविष्यनिर्वाह निधीची रक्कम असो वा शेताचा तुकडा विकून आलेले पैसे असोत, त्यांचे काय करावे असा प्रश्न पडला की आपल्याकडे पहिले उत्तर मिळते ते 'एखादे घर घेऊन टाका' हेच. पुण्या-नागपुरातील दर आवाक्याबाहेर गेल्यावर शहरात नोकरी करणाऱ्यांची नजर आपल्या मूळ तालुक्याकडे वळते. यवतमाळ जिल्ह्यातील करंजी-वणी मार्गावरचे मारेगाव हे अशांपैकीच एक ठिकाण. येथे घर घेऊन भाड्याने द्यावे, किंवा जुने घर घेऊन, डागडुजी करून विकावे, असा विचार करणाऱ्यांसाठी ही माहिती. अशा गावात गुंतवणूक बुडते ती बहुधा दर पडल्यामुळे नव्हे, तर कागद न पाहता दिलेल्या इसारामुळे.

भाडेकरू कोण?

मोठ्या शहरात घर रिकामे राहण्याची भीती कमी असते. तालुक्याच्या गावात भाडेकरूंचा वर्ग मर्यादित असतो. बदलीवर आलेले सरकारी कर्मचारी, शिक्षक, बँकेतील नोकरदार, आसपासच्या खेड्यांतून शिकायला आलेली मुले आणि कामानिमित्त आलेले कंत्राटदार हे येथील प्रमुख ग्राहक. त्यांना मोठा बंगला नको असतो. दोन खोल्या, स्वतंत्र शौचालय, पाण्याची खात्री आणि बसस्थानकापासून चालत जाता येईल एवढे अंतर, ही त्यांची गरज. बदल्यांचा हंगाम आणि शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश यांच्या सुमारास घर तयार ठेवणाऱ्यास भाडेकरू लवकर मिळतो. त्यानंतर घर रिकामे राहिले तर काही महिने तसेच जाऊ शकतात.

आधी गणित मांडा

समजा, १२ लाख रुपयांचे घर घेतले. मुद्रांक शुल्क ठिकाणानुसार बदलते. ग्रामपंचायत, नगरपंचायत आणि महापालिका यांचे दर वेगवेगळे असून उपकर-अधिभार धरून ते साधारण ४ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान असतात. येथे ५ टक्के धरले तर ६० हजार, त्यावर १ टक्का नोंदणी फी म्हणजे १२ हजार आणि किरकोळ दुरुस्तीचे ५० हजार. एकूण गुंतवणूक १३ लाख २२ हजार. महिना ५ हजार भाडे आणि वर्षातले ११ महिने घर भरलेले, असे मानले तर उत्पन्न ५५ हजार. घरपट्टी व देखभालीचे १० हजार वजा जाता उरतात ४५ हजार, म्हणजे जेमतेम ३.४ टक्के. बँकेतील मुदत ठेव याहून अधिक देते. म्हणजेच केवळ भाड्यासाठी घर घेणे परवडत नाही. जागेची किंमत वाढेल हा भरवसा त्यात गृहीत असतो, आणि किंमत वाढते ती निर्दोष कागदांच्या जागेची.

फेरविक्रीचेही तसेच. तेच घर घेतले, २ लाखांची दुरुस्ती केली, वकील व इतर खर्च २० हजार झाला, तर पदरात पडेपर्यंत घर १४ लाख ९२ हजारांना पडते. चौदा महिन्यांनी ते १७ लाखांना विकले आणि २ टक्के दलाली दिली, तर नफा दिसतो १ लाख ७४ हजार. पण तीच रक्कम ७ टक्के व्याजाने ठेवली असती तर चौदा महिन्यांत सुमारे १ लाख २२ हजार मिळाले असते. म्हणजे खरी कमाई पन्नास हजारांच्या घरात, आणि त्या नफ्यावर प्राप्तिकर वेगळाच. 'पाच लाख सुटले' असे सांगणाऱ्याने यातील कोणते आकडे गाळले, हे त्यास अवश्य विचारावे.

जमीन मुळात कोणाची?

या भागात हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. राष्ट्रपतींच्या १९८५ च्या आदेशाने यवतमाळ जिल्ह्यातील तत्कालीन मारेगाव, राळेगाव, केळापूर आणि घाटंजी या तहसिलींमधील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात समाविष्ट झाली. कोलाम व गोंड समाजाची येथे मोठी वस्ती आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन शासनाची पूर्वमान्यता आणि जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी यांशिवाय बिगर आदिवासी व्यक्तीस विकत घेता येत नाही. हे बंधन केवळ अनुसूचित गावांपुरते नाही, ते राज्यभर लागू आहे. बेकायदा हस्तांतरित झालेल्या जमिनी मूळ मालकांना परत देण्यासाठी १९७४ साली स्वतंत्र कायदाही झाला.

घर घेणाऱ्याने यातून घ्यायचा बोध सरळ आहे. प्लॉट चार जणांच्या हातून फिरून आपल्याकडे आला, त्यावर पक्के घर उभे राहिले, घरपट्टी नियमित भरली, तरी मुळातला दोष निघून जात नाही. म्हणून चालू सातबारावर न थांबता जुने फेरफार आणि 'इतर हक्क' या रकान्यातील शेरे मागे जात-जात पाहावेत. यात केवळ आपल्या पैशांचा प्रश्न नाही. अडचणीच्या वर्षी कमी पैशांत सोडवून घेतलेली जमीन म्हणजे एखाद्या कुटुंबाचा एकमेव आधार असतो. स्वस्त मिळते म्हणून असा व्यवहार करू नये.

याशिवाय तीन गोष्टी पाहाव्यात. जमीन 'भोगवटादार वर्ग २' असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. वऱ्हाडातील गावांत नझूलची जागा पट्ट्याने दिलेली असते. तेथे आखीव पत्रिका आणि पट्ट्याची मुदत व शर्ती तपासाव्यात. तिसरी गोष्ट कोळशाची. शेजारच्या वणी तालुक्यात राजूर, उकणी, कोलारपिंपरी येथे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत. कोळसाधारक क्षेत्र संपादन कायदा १९५७ च्या कलम ९ खालील घोषणा राजपत्रात प्रसिद्ध झाली की जमीन केंद्र सरकारकडे जाते. खाणपट्ट्यालगत घर घेण्यापूर्वी त्या गट क्रमांकाविषयी अधिसूचना निघाली आहे का, याची तहसील कार्यालयात चौकशी करावी.

ले-आउटमधील प्लॉट

शेतात चुन्याच्या रेषा मारल्या म्हणजे ले-आउट होत नाही. अकृषक वापराचा आधार आणि मंजूर अभिन्यास नकाशा, दोन्ही हवेत. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या क्षेत्रावर प्लॉट पाडून विकायचे असतील तर प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी आवश्यक आहे. हा क्रमांक संकेतस्थळावर तपासता येतो. एक-दोन गुंठ्यांच्या व्यवहारांना तुकडेबंदी कायद्याचा अडसर अनेक वर्षे राहिला. २०२५ मध्ये राज्य सरकारने निवासी व नागरी क्षेत्रांतील अशा व्यवहारांना दिलासा देण्याची पावले उचलली. मात्र तो दिलासा आपल्या प्लॉटला लागू होतो का, हे दुय्यम निबंधक कार्यालयातून समजून घ्यावे. बँका गृहकर्ज देताना हेच कागद मागतात. ज्या घरावर कर्ज मिळत नाही, त्याला गिऱ्हाईकही मोजकेच मिळते.

घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा मालकीचा पुरावा नव्हे. ती करआकारणीची नोंद आहे. मालकीसाठी नोंदणीकृत खरेदीखत, सूची क्रमांक २ चा उतारा आणि किमान तीस वर्षांचा वकिलाचा शोध अहवाल घ्यावा. विक्रेत्याच्या भावा-बहिणींचा हिस्सा असेल तर त्यांच्या सह्या खरेदीखतावरच हव्यात. 'नंतर घेऊ' या शब्दावर विसंबू नये. इसाराची रक्कम धनादेशाने वा बँकेमार्फतच द्यावी. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे.

घर पाहताना

हा कापसाचा मुलूख, म्हणजेच काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर भिंतींना तिरप्या भेगा पडतात. त्या नुसत्या लिंपून रंग दिलेले घर देखणे दिसते, पण पुढच्या पावसाळ्यात भेगा पुन्हा उघडतात. म्हणून घर एकदा उन्हाळ्यात आणि शक्य झाल्यास एकदा पावसाळ्यात पाहावे. विंधनविहिरीला मे महिन्यात पाणी असते का, हे शेजाऱ्यांना विचारावे. वर्धा नदीकाठच्या गावांत पूररेषेची चौकशी करावी. फेरविक्रीसाठी घर घेणाऱ्याने पैसा छत, पाणी, शौचालय आणि वीजजोडणी यांवर खर्चावा. महागड्या फरशांचे मोल अशा गावात वसूल होत नाही. मजला वाढवायचा किंवा रचनेत बदल करायचा असल्यास नगरपंचायतीची परवानगी आधी घ्यावी.

भाडेकरार

विदर्भात १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. त्यात भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. 'भाडेकरू ठेवला की घर गेले' ही धास्ती त्या काळातली. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी ग्राह्य धरल्या जातात. घरमालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. निवासासाठी दिलेल्या 'लिव्ह अँड लायसन्स' कराराची मुदत संपूनही घर सोडले नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळू शकते.

हा कायदा मात्र राज्यातील प्रत्येक गावाला सरसकट लागू नाही. अनुसूचीत नमूद केलेली आणि पूर्वीचे भाडे कायदे लागू असलेली क्षेत्रेच त्यात येतात. आपली जागा त्यात मोडते की नाही, हे वकिलाकडून पाहून घ्यावे. जेथे तो लागू नाही, तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ लागू होतो आणि मासिक भाडेकरूस पंधरा दिवसांची नोटीस पुरते. काहीही असले तरी नोंदणीकृत करार करावाच. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामत रकमेवरील व्याज मिळून ०.२५ टक्के, म्हणजे लहान घरासाठी काही शे रुपयांतच भागते. नोंदणी फी शहरी भागात १ हजार व ग्रामीण भागात ५०० रुपये. नोंदणी ऑनलाइनही होते.

भाडेकरूचे ओळखपत्र व छायाचित्र घेऊन माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. मीटरचे आकडे करारात लिहावेत आणि दरमहा पावती द्यावी. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडू नये. भाडे नियंत्रण कायद्याने तो गुन्हा आहे.

कर आणि विक्री

घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. घर २४ महिन्यांच्या आत विकल्यास नफा अल्पमुदतीचा ठरून नेहमीच्या दराने कर लागतो. त्यानंतर विकल्यास २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी निवासी व्यक्तीस महागाई निर्देशांकासह २० टक्के हा पर्यायही उपलब्ध आहे. खरेदीखतात किंमत शासकीय मूल्यांकनापेक्षा बरीच कमी दाखवली तरी कर त्या मूल्यांकनावर लागू शकतो. वर्षाला दोन-तीन घरांची खरेदी-विक्री करणाऱ्याचा नफा व्यवसायाचे उत्पन्न मानला जाण्याची शक्यता असते.

खरेदीनंतर फेरफार, नगरपंचायतीच्या दप्तरातील नाव आणि वीजमीटर, तिन्ही आपल्या नावे करून घ्यावीत. अनेक जण यात वर्षानुवर्षे चालढकल करतात आणि विकायच्या वेळी धावपळ करतात. वकिलाचा शोध अहवाल काही हजारांत मिळतो, इसार मात्र लाखात जातो. म्हणून क्रम ठरवून घ्यावा : आधी सातबारा किंवा आखीव पत्रिका, मग वकील, मग घराची पाहणी आणि सर्वांत शेवटी इसार. घर आवडले म्हणून हा क्रम उलटा करू नये.