पन्नाशीनंतरचा श्रीगणेशा : ताई ची, सूर्यनमस्कार आणि औंधचे राजेसाहेब

बेइजिंग, १९१० नंतरची पहिली काही वर्षे. हाओ वेइझेन नावाचे एक वयोवृद्ध उस्ताद शहरात आले आणि आजारी पडले. सुन लुतांग यांनी त्यांची शुश्रूषा केली. बरे झाल्यावर हाओंनी उपकाराची फेड म्हणून त्यांना आपली विद्या दिली. ती विद्या म्हणजे ताई ची.

सुन तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. सिंग्यी आणि बागुआ या दोन युद्धविद्यांत त्यांचा आधीच दरारा होता. असा मनुष्य पुन्हा पहिल्या पावलापासून शिकायला उभा राहिला, आणि १९२१ साली त्याने ताई चीवर ग्रंथही प्रसिद्ध केला. आज ‘सुन शैली’ म्हणून जी ओळखली जाते ती ही, उतारवयात गिरवलेल्या धड्यातून जन्मलेली.

ताई ची म्हटले की हजारो वर्षे वृद्ध मंडळी बागेत संथपणे हात फिरवीत आली आहेत, असे चित्र मनात उभे राहते. इतिहास वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकात यांग लुचान यांनी बेइजिंगात ही विद्या आणली तेव्हा ती मुख्यतः लढण्यासाठी होती. राजेशाही कोसळल्यावर, चीनला ‘पूर्वेचा रोगी’ म्हणून हिणवले जात असताना, सुशिक्षितांना राष्ट्राची प्रकृती सुधारण्याचे साधन हवे होते. लुचान यांचे नातू यांग चेंगफू यांनी संथ, सलग, सर्वांना झेपेल अशी शिकवण दिली. पुढे १९५६ मध्ये चिनी क्रीडा आयोगाने यांग शैलीतून २४ हालचालींचा छोटा क्रम बांधला, आणि बागांतील दृश्य त्यानंतर जगभर परिचित झाले. त्या दृश्याचे वय शंभरही नाही!

शास्त्रीय कसोटी आणखी उशिरा आली. १९९६ साली अमेरिकेतील अटलांटा येथे सत्तरी गाठलेल्या २०० जणांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ताई ची करणाऱ्या गटात वारंवार पडण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने घटला होता. म्हातारपणी पडणे म्हणजे काय, हे ज्या घरात खुब्याचे हाड मोडले आहे त्या घराला सांगावे लागत नाही.

याच काळात महाराष्ट्रातही एक प्रौढ गृहस्थ आपला व्यायाम मोडून नव्याने आरंभ करीत होते. औंध संस्थानचे भवानराव श्रीनिवासराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जन्म १८६८. चित्रकार, कीर्तनकार, कलासंग्राहक असे हे बहुरंगी व्यक्तिमत्त्व. तरुणपणी शरीर स्थूल, म्हणून जोर-बैठका झाल्या. १८९७ मध्ये त्यांनी युजीन सँडो या जगप्रसिद्ध बलवानाची साधने आणि पुस्तके मागवली आणि सुमारे दहा वर्षे त्याबरहुकूम निष्ठेने मेहनत केली.

सँडोचा तो जमाना होता. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानात येऊन प्रयोग करून गेला. पिळदार दंड हेच आरोग्याचे माप ठरत होते. बाळासाहेबांनी मात्र १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या राजेसाहेबांचे पाहून, सँडोची साधने बाजूला ठेवली आणि सूर्यनमस्कार धरले. वय चाळीस.

चाळीस म्हणजे उतारवय कसे, असे आजच्या तरुण वाचकाला वाटेल. त्या दशकात हिंदुस्थानातील जन्मवेळचे सरासरी आयुर्मान पंचविशीच्याही खाली होते. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा, हे खरे. बालपण पार केलेला माणूस पुष्कळ जगू शकत असे. तरीही प्लेग आणि दुष्काळ पाहिलेल्या त्या पिढीत चाळिशीचा गृहस्थ सुनामुलांचा विचार करी, स्वतःच्या पाठीच्या कण्याचा नव्हे.

राजेसाहेबांनी नमस्काराला नेटके रूप दिले. दहा स्थिती, श्वासाचा ठरलेला क्रम, सोबत बीजमंत्रांचा उच्चार. (आज रूढ असलेल्या पद्धतीत बारा स्थिती मोजतात.) ताई चीशी साम्य येथेच दिसते. एकात एक गुंफलेल्या हालचाली, श्वासाशी जुळलेली लय, आणि साधन म्हणाल तर अंगाएवढी जागा. संथपणात मात्र ताई ची पुष्कळ पुढे. नमस्कारात गुडघा, मनगट आणि कंबर यांना बराच भार सोसावा लागतो. साठीनंतर तो प्रथमच धरणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

एका माणसाला लाभलेले समाधान इतरांवर सक्ती होऊन उतरले, हा या कथेचा अवघड भाग. औंधच्या शाळांत नमस्कार अनिवार्य झाले. राजाचा हेतू निर्मळ होता, प्रजेचे आरोग्य सुधारावे ही तळमळ खरी होती; पण सूर्याच्या नामांचा उच्चार आणि आरोग्याचा नियम यांची गाठ हुकमाने बांधली की तो व्यायाम केवळ व्यायाम राहत नाही. आजही शाळांतील सूर्यनमस्कारांवरून वाद पेटतात तेव्हा त्याची मुळे औंधसारख्या प्रयोगांपर्यंत जातात.

१९३६ साली, सदुसष्टाव्या-अडुसष्टाव्या वर्षी, राजेसाहेब इंग्लंडला गेले. पत्रकार लुईस मॉर्गन त्यांच्या प्रकृतीने प्रभावित झाल्या, आणि त्यांच्या संपादनाखाली १९३८ मध्ये लंडनमध्ये नमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक निघाले. त्याच वर्षी सत्तरी गाठलेल्या या राजाने आपले अधिकार प्रजेच्या हाती सोपवण्याची घोषणा केली. महात्मा गांधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन यांच्या साहाय्याने जानेवारी १९३९ मध्ये औंधची नवी राज्यघटना अमलात आली. शाळकरी पोरांना नमस्कार चुकवू न देणारा राजा स्वतःची सत्ता मात्र सहज सोडतो, ही विसंगती मोठी लोभस आहे.

औंधचे दुसरे उदाहरण पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर. मूळचे चित्रकार, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. १९१८ मध्ये एक्कावन्नाव्या वर्षी ते औंधात आले आणि वेदांच्या संपादनाचे प्रचंड काम उभे केले. ऐंशीव्या वर्षी, १९४८ मध्ये, सारा पसारा उचलून गुजरातेत पारडीला गेले, आणि १९६८ मध्ये शंभरी पूर्ण करून निवर्तले. एका दीर्घायुष्यावरून कोणत्याही पद्धतीचा गुण सिद्ध होत नाही. नवा डाव मांडायला वय आड येत नाही, एवढे मात्र त्या आयुष्याने दाखवले.

गांधीजींचे उदाहरण अधिक बोलके. मार्च १९२७ मध्ये महाराष्ट्राच्या दौऱ्यात रक्तदाब वाढून ते कोसळले. वय सत्तावन्न. विश्रांतीच्या त्या महिन्यांत त्यांनी लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांच्याशी पत्रव्यवहार करून आसनांचे धडे घेतले. कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ही संस्था काढली ती योगाची परीक्षा प्रयोगशाळेत व्हावी म्हणून. तेव्हा रुग्ण आणि गुरू दोघेही आकडे मानणारे होते. गांधीजींनी प्रत्येक उपाय स्वतःवर तपासला.

पुढची पायरी पुण्यातून पडली. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले. पन्नासच्या दशकात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन त्यांचे शिष्य झाले आणि युरोपची दारे उघडली. बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ यांनी ऐंशी ओलांडल्यावर अय्यंगारांकडून शीर्षासन शिकण्याचा हट्ट धरला आणि तो पुरा केला.

राजे, महात्मे, राजमाता. या मालिकेत कष्टकऱ्यांचे नाव नाही, आणि ते चुकून राहिलेले नाही. नव्याने शिकायला सवड लागते. ठाण्याच्या खाडीपलीकडे कळव्यापासून बेलापूरपर्यंत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांचा पट्टा उभा राहिला. पाळ्यांत राबणाऱ्या कामगाराचे शरीर दिवसभर वाकतच असे; त्याला आणखी वाकायला सांगणे म्हणजे थट्टा ठरली असती. त्याच्यासाठी व्यायाम हा शब्दच निवृत्तीनंतर सुरू होतो, तोही बहुधा डॉक्टरांच्या सांगण्यावरून, गुडघे आणि कंबर आधीच झिजल्यावर.

सार्वजनिक बागांचे महत्त्व येथे कळते. १९९५ च्या मार्चमध्ये मुंबईत लोखंडवाला येथील बागेत डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. त्याला साधन नको, पूर्वतयारी नको, लवचीकपणाही नको. निवृत्त मंडळी त्याकडे वळली यात नवल नाही. ठाण्यात नौपाड्यातील घंटाळी मित्र मंडळाचे योगवर्ग तर त्याच्याही आधीपासूनचे. कळव्याहून तेथे जायचे तर खाडीपूल ओलांडायचा किंवा लोकलने एक स्थानक जायचे.