मांजराची माती, फौंड्रीची धूळ

आमच्या मनीला दमा आहे हे ऐकून मी आधी हसलो होतो. माणसाचा आजार मांजराला कसा होईल? ती पोट जमिनीला टेकवून, मान पुढे ताणून खोकायची. अंग चाटताना घशात केस गेले असतील, असे आम्ही धरून चाललो होतो. पशुवैद्यांनी छातीचा फोटो काढला आणि म्हणाले, "श्वासनलिकांना सूज आहे. औषध देऊच, पण घरातला धूर आणि धूळ कमी करा. उदबत्ती नको. आणि हिच्या पेटीत कोणती माती घालता?"

घरी येऊन पिशवी वाचली. 'बेंटोनाइट'. मी चपापलोच. शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डिंग खात्यात माझी नोकरी झाली. साचा करायच्या वाळूत बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी मिसळायचे, हे आमचे रोजचे काम. ही माती पाण्याने चिकट होते आणि वाळूला धरून ठेवते. ऑइल इंजिनांसाठी नाव कमावलेल्या कोल्हापूरचे ओतकाम अशा वाळूवर वाढले. तीच माती माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कशी आली?

आमच्या जुन्या घरी परसदार होते. मांजर तिथल्या भुसभुशीत मातीत आपले आपण उरकून, झाकून यायचे. थंडीत बर्फ पडणाऱ्या देशांत ही सोय नव्हती. तिथे लोक पेटीत वाळू नाहीतर शेगडीतली राख ठेवत. १९४७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात के ड्रेपर नावाच्या बाईंची वाळू गोठली. राखेने मांजराचे काळे पाय घरभर उमटत होते. त्या शेजारच्या एडवर्ड लो यांच्याकडे वाळू मागायला गेल्या. लो यांच्या दुकानात कारखान्यांतले सांडलेले तेल टिपून घेणारी दाणेदार माती होती. आपण जिला मुलतानी माती म्हणतो, त्याच जातीची. त्यांनी तीच दिली. बाई खूश झाल्या, आणि लो यांनी पिशव्यांवर 'किटी लिटर' असे लिहून ती विकायला काढली.

पुढे १९८० च्या दशकात थॉमस नेल्सन या जीवरसायनतज्ज्ञाने बेंटोनाइट वापरून पाहिले. ओले झाले की त्याचा गोळा होतो, तेवढाच उचलून टाकता येतो. साच्यात वाळू धरणारा गुण इथे असा कामी आला. गंमत म्हणजे, बेंटोनाइट बहुतेक ठिकाणी ज्वालामुखीच्या राखेपासूनच बनलेले असते. म्हणजे शेगडीच्या राखेपासून निघालेले मांजर फिरून राखेवरच आले!

सोय झाली ती आपली. मांजर मात्र पेटीत उकरते, वास घेते, पुन्हा झाकते. त्याचे नाक धुळीपासून वीतभर अंतरावर. पिशवीवर 'नव्व्याण्णव टक्के धूळमुक्त' लिहिलेले असले, तरी दहा किलोंत एक टक्का म्हणजे शंभर ग्रॅम धूळ. धडधाकट मांजर ती सोसेल, दमेकरी कसे सोसणार?

हा हिशेब करताना मला एक जुना सहकारी आठवला. बेंटोनाइटची पोती मिक्सरमध्ये तो रिकामी करायचा, तोंडाला टॉवेल बांधून. पोती ओतताना आणि साचे फोडताना धूळ सगळ्यात जास्त. तो खोकायचा. आम्ही म्हणायचो, बिडीचा खोकला. पुढे त्याला जिना चढवेना. वाळूतल्या सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसचे नाव १९४८ च्या कारखाने कायद्यातच, सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत होते. १९९७ मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने ही धूळ कर्करोगकारक ठरवली. त्याला नेमके काय झाले होते, हे कोणी तपासलेच नाही. त्याचा खोकला बिडीचा आणि मनीचा खोकला केसांचा, असे म्हणून आम्ही दोन्ही वेळा मोकळे झालो.

मनीसाठी मग मी फौंड्रीतलीच युक्ती केली. सकाळचे कोवळे ऊन तिरपे येते, तिथे प्रत्येक नमुन्याची ओंजळभर माती काळ्या कागदावर उंचावरून ओतली. उन्हात धूळ लपत नाही. बारीक बेंटोनाइटचा ढग उठला. वखारीतला सुटा भुसाही उडाला. दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या गोळ्या सगळ्यात कमी उडाल्या. ओल्या झाल्या की त्यांचाही भुसा होतो. तो रोज चाळून काढावा लागतो. अत्तराचा वास लावलेले काही घेतले नाही. पेटीचे झाकण काढले, कारण बंद पेटीत धूळ कोंडते. भरताना मनीला दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि पिशवी पेटीला टेकवून हळू ओततो. मांजर एकदम बदल मानत नाही, म्हणून जुन्या मातीत थोड्या थोड्या गोळ्या मिसळत दोन-तीन आठवडे घेतले.

मनी बरी झाली असे म्हणणार नाही. दमा जात नाही, औषध चालूच आहे. पण रात्रीची ढास कमी झाली. आता पेटी भरताना मी स्वतः तोंडाला मास्क बांधतो. नोकरीच्या काळात मी तो कधी बांधला नाही, आणि शेजारच्या माणसालाही बांध म्हणून सांगितले नाही.