भंगारातलं क्रिकेट कार्ड लाखात जातं का? कर्जत-खालापुरात जुन्या वस्तू शोधताना काय बघायचं, काय सोडायचं

मे महिना संपत आला की कर्जत-खालापूरच्या घराघरांत एक काम निघतं. पाऊस लागायच्या आत माळा रिकामा करायचा. ट्रंका खाली येतात आणि दुपारपर्यंत ओटीवर रद्दी, पितळेची भांडी, बंद पडलेला रेडिओ यांचा ढीग लागतो. त्या ढिगात कधी कधी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा सापडतो. आत काकांनी शाळेत असताना जमवलेली क्रिकेटर्सची कार्डं.

आई म्हणते, "दे भंगारवाल्याला." आणि तुम्ही कालच एक रील बघितलेलं असतं, ज्यात एक जुनं कार्ड कोटींत विकलं गेलेलं असतं.

मग खरं काय? डब्यात लॉटरी आहे की रद्दी? आणि असे डबे भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळत असतील, तर ते शोधायला जावं का? एकेक करून बघू.

कार्ड कोटीत जातं म्हणजे नक्की काय होतं?

खेळाडूंची कार्डं सुरू झाली ती सिगारेटच्या पाकिटातून. पाकीट दबू नये म्हणून आत एक जाड पुठ्ठा असायचा. त्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक पुन्हा तोच ब्रँड घेईल, हे कंपन्यांच्या लक्षात आलं. इंग्लंडच्या विल्स कंपनीने १८९६ मध्येच ५० क्रिकेटपटूंचा संच काढला होता. आपले रणजितसिंहजी त्या काळातल्या इंग्लिश सिगारेट कार्डांवर झळकलेत. पुढे सिगारेटची जागा बबलगमने घेतली.

आता तो कोटींचा आकडा. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत मिकी मँटल या बेसबॉलपटूचं १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. तेव्हाच्या दराने सुमारे १०० कोटी रुपये.

पण हे कार्ड दुर्मीळ का झालं, ते जास्त महत्त्वाचं आहे. टॉप्सचे साय बर्गर यांनी सांगितलेली गोष्ट अशी, की १९५२ ची न खपलेली कार्डं गोदामात पडून होती आणि १९६० च्या सुमारास ती होडीत भरून समुद्रात टाकण्यात आली. म्हणजे त्या काळी तीही रद्दीच होती. त्यातून वाचलेली, त्यातही कोपरे न दुमडलेली कार्डं थोडी आणि ती मागणारे हजारो.

वस्तू थोड्या, मागणारे भरपूर आणि वस्तूची अवस्था उत्तम. या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच भाव चढतो. नुसतं जुनं असून काही होत नाही.

आपल्याकडच्या डब्यात काय निघतं?

ऐंशी-नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना 'बिग फन' बबलगम आठवत असेल. गमसोबत क्रिकेटरचं चित्र यायचं, त्यावर रन किंवा विकेट छापलेली असायची, आणि ती जमवून दिली की पानं भराभर उलटायचं छोटं पुस्तक मिळायचं. नंतर आले डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड, चिप्सच्या पाकिटातले टॅझो आणि आयपीएल आल्यावर 'क्रिकेट अटॅक्स'ची कार्डं.

यातली बहुतेक पातळ कागदावर छापलेली. पोरांनी ती खेळली, खिशात कोंबली, भिंतीला चिकटवली. कर्जतचा पाऊस तर माहीतच आहे, त्यात कागदाला कसर आणि वाळवी वेगळी. त्यामुळे चांगल्या अवस्थेतली कार्डं खरंच कमी उरलीत. अडचण दुसऱ्या बाजूला आहे. ही कार्डं मागणारेही आपल्याकडे अजून कमीच आहेत. म्हणून डबाभर कार्डांचे लाख येतील ही अपेक्षा सोडून द्या. छंद म्हणून जमवणाऱ्याला मात्र ही चांगली वेळ आहे, कारण वस्तू अजून काट्यावर वजन करून विकल्या जातात.

शोधायचं कुठे?

कर्जत-खालापुरात कार्डांचा वेगळा बाजार नाही. आठवडी बाजारात भाजी, सुकी मासळी, कपडे, भांडी मिळतील. जुना माल हाताला लागतो तो भंगाराच्या दुकानात आणि रद्दीवाल्याकडे. या दोन तालुक्यांत मुंबई-पुण्याच्या लोकांचे बंगले आणि फार्महाऊस बरेच आहेत. शहरातल्या घरात नको झालेलं सामान आधी तिथे येऊन पडतं, आणि जागा विकायची वेळ आली की तेच सामान भंगारात जातं. म्हणून दुकानदाराशी ओळख ठेवा. "कागदाचा, खेळाचा जुना माल आला तर बाजूला ठेवा, मी घेऊन जाईन," एवढं सांगून ठेवलं तरी पुरतं.

मोठ्या बाजारात जायचं असेल तर आपली जागा मोक्याची आहे. रेल्वेने कर्जत मुंबईपासून साधारण १०० किलोमीटरवर, आणि पुणेही जवळपास तेवढंच. म्हणजे दोन मोठ्या जुन्या बाजारांच्या मधोमध.

मुंबईचा चोर बाजार भेंडीबाजाराजवळच्या मटण स्ट्रीट परिसरात आहे. शुक्रवारी तिथली नेहमीची दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्याचा बाजार पहाटेपासून भरतो. कर्जतहून लोकलने भायखळ्याला उतरून पुढे जाता येतं. पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. निघण्याआधी त्या दिवशी बाजार आहे का, हे मात्र विचारून घ्या.

वस्तू किती जुनी, हे कसं ओळखायचं?

स्वस्तात मिळणं हे खरं तर ओळखीवर अवलंबून असतं. विकणाऱ्याला जे माहीत नाही ते तुम्हाला माहीत असेल, तरच सौदा स्वस्त. नाहीतर दहा रुपयांची वस्तू शंभरला गळ्यात पडते. त्यासाठी छापील मजकूर वाचायची सवय लावा. या खुणा पाठ करून ठेवल्या तरी अर्धं काम होतं.

• पत्त्यात 'जि. कुलाबा' असेल तर वस्तू बहुधा १९८१ च्या आधीची. त्या वर्षी आपल्या जिल्ह्याचं नाव रायगड झालं.
• पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२ नंतरची. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली.
• किंमत 'नये पैसे' मध्ये असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासची. आणे असतील तर बहुधा त्याहून जुनी.
• इंग्रजीत 'मुंबई' छापलं असेल तर बहुतेक वेळा १९९५ नंतरची. आधी 'बॉम्बे' असायचं.
• ₹ हे चिन्ह दिसलं तर २०१० नंतरची. त्यावर कुणी 'साठ वर्षं जुनं' म्हणत असेल तर हसून पुढे चला.
• कुस्तीच्या कार्डावर डब्ल्यूडब्ल्यूएफ असेल तर माल साधारण २००२ च्या आधीचा, डब्ल्यूडब्ल्यूई असेल तर नंतरचा.
• भारतीय संघाच्या कपड्यांत सचिन तेंडुलकर असेल तर कार्ड नोव्हेंबर १९८९ च्या आधीचं असूच शकत नाही. रंगीत जर्सीवर पाठीमागे नाव दिसत असेल तर १९९२ चा विश्वचषक किंवा त्यानंतरचा काळ धरा.

एकाच खुणेवर विसंबू नका. जुने छापील साठे पुढे कित्येक वर्षं वापरले जातात. दोन-तीन खुणा जुळल्या की मग अंदाज पक्का.

नकली कसं पकडायचं?

मोबाईलचा कॅमेरा झूम करून अक्षरांकडे बघा. मूळ छपाईत चित्र ठिपक्यांचं असू शकतं, पण काळी अक्षरं सहसा सलग आणि धारदार असतात. स्कॅन करून पुन्हा छापलेल्या कार्डात अक्षरंही ठिपक्यांत फुटलेली दिसतात.

सहीचंही तसंच. कार्ड किंवा बॅट उजेडात तिरकी धरा. पेनाची सही पृष्ठभागावर वेगळी चमकते, कागदावर दाबाची रेघ दिसते. छापील सही सगळीकडे सपाट असते. "सुनील गावसकरची सही आहे" असं सांगून कुणी जास्त पैसे मागितले आणि सही कुठे, कधी घेतली हे सांगता आलं नाही, तर ती सही नाही असं समजूनच भाव करा.

भाव कसा ठरवायचा?

ऑनलाईन कुणी पन्नास हजार मागतोय म्हणजे वस्तू पन्नास हजारांची झाली असं नाही. मागितलेला भाव आणि विकला गेलेला भाव यात फरक असतो. परदेशी साईटवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू बघायची सोय असते, ती वापरा.

समजा, दुकानदाराने ४० कार्डांच्या डब्याचे २०० रुपये सांगितले. कार्डामागे ५ रुपये, स्वस्त वाटतं. पण त्यातली ३० दुमडलेली, फाटलेली, पेनाने मिशा काढलेली निघाली, तर चांगलं कार्ड २० रुपयांना पडलं. शिवाय तिकीट, वडापाव आणि अख्खी सकाळ. हा हिशोब करूनही घ्यावंसं वाटलं तर खुशाल घ्या. छंदाला तेवढी मुभा आहे. तो गुंतवणूक आहे अशी समजूत मात्र करून घेऊ नका.

"पाच रुपयांचं नाणं, पाच लाख रुपये"

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं नाणं लाखांत विकत घेतो, असे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. ती ५ आणि १० रुपयांची नाणी २०१२ ची आहेत आणि रोजच्या व्यवहारात सर्रास फिरली आहेत.

ही फसवणूक साधारण अशी चालते. तुम्ही नाण्याचा फोटो पाठवता. समोरचा लगेच मोठी रक्कम कबूल करतो. मग नोंदणी फी, कमिशन, टॅक्स म्हणून आधी तुमच्याकडून पैसे मागतो. कधी रिझर्व्ह बँकेचं पत्रही दाखवतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केलंय, की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही, बँक त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि कुणाला घ्यायला सांगितलेलंही नाही.

नियम साधा ठेवा. वस्तू तुमची आणि पैसेही तुम्हीच आधी द्यायचे, असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करा.

या वस्तूंना हात लावू नका

• हस्तिदंत, वाघनखं, शिंगं, कातडी. 'आजोबांच्या काळातलं आहे' म्हणून सूट मिळत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे यांचा व्यापार गुन्हा ठरू शकतो.
• शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, कोरीव दगड, चित्रं आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं. यांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. काही प्रकारांची सरकारी नोंदणी लागते आणि परवानगीशिवाय त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. कोथळीगड असो वा कोंडाणे लेणी, तिथला दगडही जागेवरच राहू द्या.
• पाया खणताना किंवा शेतात सापडलेली नाणी. ब्रिटिशांच्या काळातला १८७८ चा कायदा अजून आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.
• चोरीचा वाटणारा माल. ज्यावर कुणाचं नाव कोरलंय असं पदक किंवा कप संशयास्पद रीतीने विकायला आला तर सोडून द्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार ठरतो.

घरी आणल्यावर

कार्डाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेट करू नका. नाणी घासून चकचकीत करू नका, त्याने किंमत उतरते. कागद कोरड्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळा संपला की डबा एकदा उघडून बघा. वस्तू कुठून, कुणाकडून, कधी मिळाली हे चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. तीन वर्षांनी ते तुम्हालाही आठवणार नाही.

आणि फक्त तेंडुलकर-कपिल शोधत बसू नका. आपल्या गावातल्या कबड्डी स्पर्धेचं पत्रक, टेनिस क्रिकेटच्या सामन्याचं हँडबिल, जुन्या संघाचा फोटो, यांना बाजारात काहीच भाव नाही. पण बिग फनचं कार्ड देशभर हजारो घरांत असू शकतं, आणि गावच्या स्पर्धेचं ते पत्रक कदाचित फक्त त्या एका ढिगात उरलेलं असतं.

विकणाऱ्याचं काय?

डबा दोनशेला घेतला आणि आत खरंच दहा हजारांची वस्तू निघाली तर? दुकानदार व्यापारी आहे, घासाघीस त्याच्याही धंद्याचा भाग आहे. पण समोर कचऱ्यातून माल वेचणारी बाई असेल किंवा घर आवरताना गोंधळलेली म्हातारी आजी, तर 'याला काही किंमत नाही' असं खोटं सांगून वस्तू नेऊ नका. वस्तू काय आहे ते सांगा आणि योग्य पैसे द्या. पुढचा डबा निघाला की ती माणसं तुम्हालाच हाक मारतील.

राहिला तुमच्या घरच्या ओटीवरचा डबा. तो विकायचा, ठेवायचा की रद्दीत द्यायचा, हे ठरवायच्या आधी एकदा काकांना फोन करा. कार्डं त्यांची आहेत.