आजोबांची खुर्ची

घरातली जुनी भांडी मोडीत जातात, कपडे बोहारणीकडे जातात. खुर्ची मात्र राहते. आजोबा गेले की तीत वडील बसतात. वेताची बैठक दोनतीनदा नव्याने विणून घेतली, तरी ती ‘आजोबांची खुर्ची’च असते. या मायेची थट्टा आम्ही करणार नाही. मात्र बसणाऱ्याची आठवण काढताना घडवणाऱ्याचीही काढावी, एवढेच आमचे मागणे आहे.

गोल बैठकीची, पाठीला लाकडाची दुहेरी कमान असलेली हलकी खुर्ची आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मुंबई-पुण्याच्या इराण्यांच्या हॉटेलांत ती होती, घरांतही होती. तिचे कूळ ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावी १७९६ साली जन्मलेल्या मिखाएल थोनेट या कारागिराकडे जाते. १८४२ साली तो व्हिएन्नास गेला. आरंभी तो लाकडाचे पातळ पदर सरसाने जोडून वाकवीत असे. पण दूरदेशी गेलेला असा माल दमट हवेत उकले. तेव्हा त्याने बीच वृक्षाचे अखंड लाकूड वाफेने मऊ करून वाकवण्याची रीत बसवली. असे वाफवलेले लाकूड वाकताना दाब सोसते, ताण फारसा सोसत नाही. म्हणून बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी आवळून ते साच्यात बसवायचे. १८५६ साली या रीतीचे पेटंट मिळाले आणि १८५९ साली ‘चौदा नंबर’ची खुर्ची निघाली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट! सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. १८६९ साली पेटंटची मुदत सरली आणि इतर कारखानेही तशाच खुर्च्या करू लागले. १९३० पर्यंत या एकाच नमुन्याच्या सुमारे पाच कोटी खुर्च्या खपल्या.

हे वैभव उभे कोठे राहिले? मोरावियातील कोरिचानी येथे. तेथे बीचची जंगले होती आणि मजूर स्वस्त होते. कामाचे तुकडे पाडल्यामुळे मुरलेल्या सुताराची गरज उरली नाही. तापलेले लाकूड निवण्याच्या आत पुरुषांनी वाकवायचे. घासणे, पॉलिश करणे, वेत विणणे हे बायकांच्या वाट्याला. विणकाम तर घरोघरही चाले. बैठकीच्या कड्याला आतून कारखान्याचा छाप असे. विणणारीचे नाव कोठेच नसे.

खुर्ची स्वस्त झाली, पण बसण्याचा हक्क आपोआप आला नाही. आपल्या देशात १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमाने, उभ्याने काम करणाऱ्यास सवड मिळेल तेव्हा टेकता यावे म्हणून बसण्याची सोय सक्तीची केली. दुकानांतल्या विक्रेत्या बायकांना मात्र केरळात त्यासाठी चळवळ करावी लागली. तेव्हा कुठे २०१८ साली तेथे कायदा बदलला. तमिळनाडूने २०२१ साली तोच मार्ग धरला.

म्हणून आजोबांची खुर्ची अवश्य जपा, वेत नव्याने विणून घ्या. पण विणणाऱ्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. आणि ज्या दुकानात दिवसभर उभी असलेली मुलगी आपल्याला साडी दाखवते, तेथे तिच्यामागे एक स्टूल आहे की नाही, हे मालकाला जरूर विचारा.